बोट कुठे पडले?



आज सामान्य काळातील तिसरा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली हा रविवार देवाच्या वचनासाठी राखून ठेवला. तेव्हापासून आपणही या दिवशी बायबल मिरवणुकीने वेदीजवळ आणतो, मेणबत्ती लावतो, धूप दाखवतो. हे सगळे योग्यच आहे. पण धूप दाखवलेला हा ग्रंथ घरी गेल्यावर आपण कसा हाताळतो, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. (हे प्रायश्चित्त संस्कारातले बोलणे नव्हे, ऑफिसात बसून झालेले आहे. संबंधितांना विचारूनच लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका संध्याकाळी, नोव्हेनाला दहा मिनिटे उरली असताना एक गृहस्थ आले. निवृत्त, रोजच्या मिस्सेला येणारे, सणाच्या मांडवापासून आजाऱ्यांच्या भेटीपर्यंत प्रत्येक कामात पुढे. त्यांच्या वडिलांची केळीची वाडी होती, मधोमध विहीर. वडील मृत्युपत्र न करता वारले होते. दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या. वाडीला आता बिल्डरकडून मागणी आली होती. एका बहिणीने किरकोळ रक्कम घेऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. दुसरी, विधवा आणि भाड्याच्या घरात राहणारी, सही करत नव्हती. गृहस्थांना झोप लागत नव्हती. शेवटी एका रात्री त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, डोळे मिटले, बायबल उघडले आणि पानावर बोट ठेवले.

बोट पडले यिर्मयाच्या ३२व्या अध्यायावर. तिथे संदेष्ट्याचा चुलतभाऊ त्याला सांगतो की माझे शेत तू विकत घे, कारण ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.

"फादर, शेत आणि हक्क, दोन्ही शब्द एकाच ठिकाणी! आणखी काय पाहिजे?"

मी घड्याळाकडे पाहिले. चर्चची घंटा व्हायची होती. देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत, असे काहीतरी मी बोललो आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यांना वाटले आशीर्वाद मिळाला. प्रत्यक्षात मी कागदावर शिक्का मारून दिला होता.

आठ-दहा दिवसांनी त्यांची बहीण आली. भांडायला आली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही त्याला सांगितलं म्हणे की देवाने उत्तर दिलं. मी पण रोज वाचते. चष्म्याचा नंबर वाढला वाचून वाचून. मग देव त्याच्याशीच का बोलतो? माझ्याशी का नाही बोलत?"

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, पदवीही घेतली. ज्ञानमीमांसेच्या तासाला आम्ही महिनोन्‌महिने एकच प्रश्न चघळायचो : मला जे कळले असे वाटते ते खरोखर बाहेरून आले की माझ्याच मनाने तयार केले, हे ओळखायचे कसे? परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले गुण मिळाले होते. त्या दिवशी ऑफिसात एक वाक्य सुचले नाही.

त्या रात्री मी यिर्मयाचा तो अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आशीर्वाद देण्याआधी वाचायला हवा होता, तो नंतर वाचला. इ.स.पूर्व ५८७ च्या सुमाराची गोष्ट आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. यिर्मया राजाच्या आवारात कैदेत आहे, कारण शहर पडणार हे तो उघड बोलला. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि अनाथोथचे शेत त्याच्या गळ्यात मारतो. गळ्यात मारतो असेच म्हणावे लागेल. शत्रूने व्यापलेल्या मुलखातली जमीन कोण घेणार? यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि बारूखला ते मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ काळ टिकावे म्हणून. सारे बुडत असताना तो पैसे घालतो, ते एका दिवशी या भूमीत पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील या देवाच्या शब्दावर विश्वास ठेवून. त्या व्यवहारात यिर्मयाला मिळाले काहीच नाही. आमच्या गृहस्थांच्या व्यवहारात त्यांना सगळेच मिळणार होते. बोट बरोबर पडले होते, पण बोटाच्या वर आणि खाली काय लिहिले आहे हे त्यांनी पाहिले नव्हते. मीही नाही.

आता कोणी म्हणेल, फादर, संतांनीही असेच केले नव्हते का? केले होते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत संत ऑगस्टीन रडत बसले होते. शेजारच्या घरातून एका मुलाचा आवाज आला, घे आणि वाच, अशा अर्थाचा. ते उठले, पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि जिथे नजर पडली ते वाचले. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा तो शेवट होता, भोगविलास सोडून ख्रिस्ताला पांघरण्याविषयीचा. त्या क्षणी त्यांचे आयुष्य बदलले. पुढच्या वर्षी ईस्टरच्या जागरणविधीत संत अॅम्ब्रोज यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्याविषयीही सांगतात की पहिला सोबती बर्नार्ड त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी चर्चमध्ये जाऊन शुभवर्तमानाचा ग्रंथ तीनदा उघडला.

पण ऑगस्टीन यांचा तो क्षण मागचापुढचा संदर्भ सोडून सांगणे, हेही बोट ठेवण्यासारखेच झाले. त्या बागेत पोचायला त्यांना कितीतरी वर्षे लागली होती. तरुणपणी त्यांना बायबल ओबडधोबड वाटले होते. मग अॅम्ब्रोज यांची प्रवचने ऐकून ते कसे वाचावे हे उमजू लागले. पौलाची पत्रे ते आधीपासून अभ्यासत होते. त्यांनी उघडले ते आवडीचे, परिचयाचे पुस्तक, आणि त्यात जे सापडले त्याने त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट हिरावून घेतली. फ्रान्सिस आणि बर्नार्ड यांचा प्रश्नही 'मला काय मिळेल' असा नव्हता. आहे ते कसे सोडावे, हे त्यांना विचारायचे होते.

पुढे बिशप झाल्यावर याच ऑगस्टीन यांनी एका पत्रात शुभवर्तमानाच्या पानांवरून कौल काढणाऱ्यांविषयी लिहिले आहे. भुताखेतांकडे धावण्यापेक्षा हे बरे, इतके ते मान्य करतात, पण देवाचे शब्द संसारातल्या व्यवहारांसाठी वापरण्याची ही चाल आपल्याला आवडत नाही, असे स्पष्ट सांगतात. बागेत पुस्तक उघडणाऱ्याच माणसाचे हे मत आहे, म्हणून मला ते वजनदार वाटते. इ.स. ५०६ मध्ये, आज फ्रान्समध्ये असलेल्या आग्द गावी भरलेल्या धर्मसभेने तर असा कौल लावण्यावर बंदीच घातली. म्हणजे हा रोग जुना आहे. आपल्याकडे तो फक्त मोबाइलवरच्या 'आजचे वचन'पर्यंत पोचला आहे.

बहिणीच्या प्रश्नाकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? मी तिच्यासाठी वचन शोधले! आणि सापडलेही. गणना या पुस्तकाचा २७वा अध्याय. सलाफहाद नावाचा माणूस मुलगा नसताना मरतो. त्याच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून विचारतात की आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का पुसले जावे, आम्हालाही वतन द्या. मोशे हा प्रश्न देवापुढे ठेवतो आणि देव म्हणतो की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. मला आनंद झाला. यिर्मयाला आता गणना या पुस्तकाने उत्तर द्यायचे, भावाच्या वचनावर बहिणीचे वचन आपटायचे.

मग हात थबकला. कारण वचनावर वचन आपटण्याचा एक प्रसंग आपल्याला शुभवर्तमानात फार ठळकपणे दिसतो, आणि तिथे वचन काढणारा पहिला कोण आहे हे आपण जाणतो. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान स्तोत्रसंहितेतले वचन म्हणून दाखवतो. सैतानाला बायबल पाठ आहे! येशूही शास्त्रातूनच उत्तर देतो, पण त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ असा की देवाला परीक्षेला बसवू नका. म्हणजेच वचनाचा उपयोग देवाला आपल्या इच्छेच्या गाड्याला जुंपण्यासाठी करू नका. शिवाय गणना या पुस्तकात पुढे ३६वा अध्यायही आहे. तिथे त्याच मुलींना आपल्याच वंशात लग्न करण्याची अट घातली जाते. तो अध्याय मी त्या बाईंना दाखवणार होतो का? नव्हतो. मग माझ्यात आणि तिच्या भावात फरक काय होता? मीही मला हवे तेवढेच उघडले होते.

खरे सांगायचे तर मालमत्तेच्या त्या प्रश्नाला उत्तर शोधण्यासाठी बायबल उघडायची गरजच नव्हती. मृत्युपत्र नसेल तर आपल्या समाजाला लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. बहिणीचा हिस्सा भावाइतकाच. ज्या गोष्टी न्यायाने आणि साध्या बुद्धीने कळतात त्यासाठी आकाशातून खूण मागणे, हे पुष्कळदा न्यायातून सुटायची पळवाट शोधणेच असते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सद्गुणांत मानाचे स्थान दिले. देवाने दिलेली बुद्धी वापरणे ही अश्रद्धा नाही.

मग शास्त्र कशासाठी? केवळ कायद्याने भागते का? नाही भागत. कायदा हिस्सा किती ते सांगतो. बहिणीच्या दारात जायला पाय का जड होतात, हे तो सांगू शकत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू सरळ नकार देतो, मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारतो आणि मग कोठारे वाढवत बसलेल्या एका श्रीमंत माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचा प्राण त्याच रात्री मागितला जाणार असतो. मला वाटते देवाचे वचन बहुतेक वेळा असेच वागते. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. आपण लपवलेला प्रश्न ते बाहेर काढते.

ऐकलेला आवाज देवाचा की माझा, हे ओळखायला काही कसोटी आहे का? ऑगस्टीन यांनी शास्त्र कसे वाचावे यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात की तुम्ही लावलेल्या अर्थातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नसेल, तर तुम्हाला शास्त्र अजून समजलेले नाही. उलट एखाद्याचा अर्थ चुकला पण त्यातून प्रीतीच वाढली, तर तो रस्ता सोडून शेतातून आडवाटेने जाणाऱ्यासारखा आहे, मुक्कामी पोचतो. तरी त्याला रस्ता दाखवावा, नाहीतर आडवाटेची सवय लागेल. विद्वान माणसाने इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेले फार थोडे आढळते.

दुसरी एक कसोटी मला इजिप्तचे संत अंतोनी यांच्याकडून मिळाली. (मंगळवारी आपण ज्यांची नोव्हेना करतो ते पादुआकर नव्हेत, त्यांच्या सुमारे नऊशे वर्षे आधीचे.) आईवडील वारल्यावर तरुण अंतोनीकडे मोठी जमीन आणि एक धाकटी बहीण राहिली. पाहा, इथेही जमीन आणि बहीणच आहे! एका दिवशी तो चर्चमध्ये गेला तेव्हा शुभवर्तमानाचे वाचन चालू होते, श्रीमंत तरुणाला येशूने सर्व विकून गरिबांना द्यायला सांगितले तो भाग. अंतोनीने बाहेर पडून जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसे गरिबांना वाटले आणि बहिणीसाठी थोडे राखून ठेवले. पुढे तेही दिले, बहिणीला विश्वासातल्या व्रतस्थ कुमारिकांकडे सोपवून. ते वचन त्याने निवडले नव्हते, त्या दिवशी चर्चमध्ये जे वाचले गेले तेच ते होते. आणि त्याची किंमत सर्वांत आधी त्याने स्वतः मोजली. आमच्या गृहस्थांच्या वचनाची किंमत कोण मोजणार होते? त्यांची बहीण.

पण ही कसोटीही मी तुमच्या हाती तशीच देऊ धजत नाही. नवऱ्याचा मार खाणारी स्त्री 'आपला क्रूस वाहा' हे वचन वाचते आणि गप्प बसते. किंमत तीच मोजते आहे, म्हणून तो देवाचा आवाज झाला का? मुळीच नाही. कित्येकदा असे वचन तिला दुसऱ्या कुणीतरी उघडून दिलेले असते, आणि क्वचित तो उघडून देणारा धर्मगुरूही असतो. हळव्या मनाच्या माणसांना तर प्रत्येक पानावर आपली शिक्षाच लिहिलेली दिसते. म्हणून खिशात घालून फिरता येईल असा एकच मापदंड माझ्यापाशी नाही. असता तर आपल्याला एकमेकांची गरज उरली नसती.

प्रेषितांच्या कृत्यांत एक कुशी अधिकारी रथात बसून यशया वाचत चाललेला असतो. फिलिप जवळ जाऊन विचारतो, वाचता आहात ते समजते का? तो मोठा अधिकारी राणीचा खजिना सांभाळणारा, पण मोकळेपणाने सांगतो की कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, आणि फिलिपला वर, आपल्या शेजारी बसवून घेतो. मला त्या 'शेजारी'चे फार अप्रूप वाटते. फिलिप त्याला हवा तो तुकडा शोधून देत नाही. तो जिथे वाचत होता तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या पूर्वजांकडे छापील बायबल नव्हते. पण फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत होते, सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्तापर्यंतची सलग कथा सांगणारे. ऐकणाऱ्याला अख्खी कथा मिळायची, सुटी वचने नव्हेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ मधले. आकड्यांमुळे जागा शोधणे सोपे झाले, तसे कापून घेणेही सोपे झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणावरच्या आपल्या दस्तऐवजात सांगितले ते हेच, की लेखकाचा हेतू पाहा, लेखनाचा प्रकार पाहा आणि संपूर्ण शास्त्राची एकता नजरेआड करू नका.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग हे काम विद्वानांचे, आम्ही साधी माणसे! डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्ड (कॅथलिक नव्हता, पण आमच्या सेमिनरीत तो वाचला जायचा) याने १८५१ च्या एका पुस्तकात छान दाखला दिला आहे. प्रियकराला प्रेयसीचे पत्र येते, पण न येणाऱ्या भाषेत. तो शब्दकोश घेऊन बसतो. मित्र म्हणतो, वा, पत्र वाचतोस! तो चिडतो. हे वाचणे नव्हे, हे नुसते कष्ट, पत्र वाचायचे अजून पुढेच आहे. आणि समजा त्या पत्रात तिने काही करायला सांगितले असेल, तर तेवढे कळताच तो धावत सुटेल, बाकीच्या ओळी कळेपर्यंत थांबणार नाही. शब्दकोश हवाच. पण जे कळले आहे ते न करता, न कळलेल्या ओळींचा बहाणा करणारे आपल्यात कमी नाहीत.

त्या गृहस्थांच्या घरी मी नंतर गेलो. माझा आशीर्वाद घाईचा होता, तो मागे घेतो, असे सांगितले आणि यिर्मयाचा अध्याय त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला. ते संतापले. "फादर, आता तुम्ही तिच्या बाजूचे झालात," म्हणाले. पुढे कित्येक महिने ते माझ्या मिस्सेला आले नाहीत, शेजारच्या धर्मग्रामात जायचे. बहिणीलाही मी तोच अध्याय वाचून दाखवला, गणना हे पुस्तक उघडले नाही. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "कागद मडक्यात ठेवला म्हणजे देवालासुद्धा कागद पक्का लागतो, फादर." सही तिने केली नाही. माझी बदली झाली तेव्हा वाडी होती तशीच होती.

मग २०२५ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी दुपारी फोन आला. इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज लगेच ओळखता आला नाही. त्या दिवशी मिस्सेत लूकचा बारावा अध्याय होता, वतनाची वाटणी मागणारा माणूस आणि कोठारे बांधणारा श्रीमंत. तीन वर्षांच्या चक्रात तो त्या रविवारी येतो, कोणी निवडत नाही. वाडीचे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, त्या दिवशी माझ्या घरी आलात तेव्हा हा अध्याय तुम्हाला ठाऊक होता ना? मग वाचला का नाही?"

मी म्हणालो, "तुमच्यावर फेकल्यासारखा झाला असता."

थोडा वेळ दोन्हीकडे शांतता होती. मग ते म्हणाले, "संध्याकाळी बहिणीकडे जायचंय. तिच्याकडे मोठ्या अक्षरांचं बायबल आहे का, माहीत आहे तुम्हाला?"

येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता पॅरिश हॉलमध्ये आपण एकत्र बायबल वाचणार आहोत. सुरुवात यिर्मयाच्या ३२व्या अध्यायाने, पहिल्या ओळीपासून. ज्यांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे त्यांनीही यावे, खुर्च्या गोलाकार मांडल्या जातील. स्वतःचे बायबल आणि चष्मा सोबत आणावा.

आपला,
धर्मगुरू